कुत्री मारून रेबीज मरत नाही

2008 च्या नोव्हेंबरपर्यंत इंडोनेशियातल्या बाली बेटावर रेबीजचं नाव नव्हतं. बेटाच्या दक्षिण टोकाला, बुकित भागात, कुत्रा चावलेली माणसं एकामागून एक दगावली तेव्हा रोग बाहेरून आल्याचं कळलं. बहुधा बोटीतून आणलेल्या एखाद्या कुत्र्याबरोबर तो आला असावा. प्रशासनाने काही कुत्र्यांना लस टोचली, पण खरा भर मारण्यावर होता. फुंकनळीतून स्ट्रिकनीन लावलेली सुई मारत माणसं गल्लोगल्ली फिरू लागली. स्ट्रिकनीनसारखं क्रूर विष दुसरं क्वचितच असेल. अंगातला एकेक स्नायू ताठरतो, झटके येतात, श्वास कोंडतो आणि हे सगळं होत असताना शुद्ध मात्र जात नाही. एक लाखाच्या आसपास कुत्री मारली गेली. त्यांत घराच्या अंगणात वाढलेली, मालकाच्या हाकेला धावत येणारीही होती. एवढं करूनही 2010 मध्ये रेबीज बेटाच्या नऊही विभागांत पोचलेला होता, आणि त्या एका वर्षात ऐंशीच्या आसपास माणसं त्याने गेली.

इंडोनेशियाला हा धडा आधीच मिळाला होता. 1997 मध्ये बुटोन बेटावरून आलेल्या मच्छीमारांच्या कुत्र्यांबरोबर रेबीज फ्लोरेस बेटावर उतरला. तिथे जवळजवळ निम्मी कुत्री मारण्यात आली. रोग गेला नाही, तो तिथेच मुरला.

आणखी जोमाने मारली असती तर जमलं असतं, असं कुणाला वाटेल. म्हणून रोगाची चाल समजून घ्यायला हवी. रेबीजचा विषाणू चाव्यातून शिरतो आणि नसांवाटे हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. कुत्र्याच्या लाळेत तो उतरतो ते लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधी, आणि त्यानंतर कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. साथ ऐन भरात असतानाही शंभरातलं एखादं कुत्रंसुद्धा पिसाळलेलं नसतं. टांझानियातल्या गावांत एकेका चाव्याचा माग काढला गेला, तेव्हा दिसलं की पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. जगातल्या रेबीजच्या इतर साथींचे आकडेही याच्या जवळपास जातात, मग तिथे कुत्र्यांची दाटी असो वा विरळ वस्ती. पिसाळलेलं जनावर मैलोनमैल भरकटतं आणि चावायला कुणीतरी शोधून काढतंच. त्यामुळे कुत्री निम्मी केली म्हणून रोग निम्मा होत नाही.

मात्र 'दोनपेक्षा कमी' या आकड्यातच आशा आहे. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली, तर चावा बहुतेक वेळा सुरक्षित कुत्र्यालाच लागतो आणि साखळी तुटते. जागतिक आरोग्य संघटना सत्तर टक्क्यांचा आग्रह धरते तो म्हणून.

मारण्याची मोहीम नेमकी हीच साखळी पुन्हा जोडून देते. माणसाच्या हातून बिस्किट खाणारं कुत्रं विषही सगळ्यांत आधी खातं, आणि लस टोचून घ्यायलाही तेच सगळ्यांत आधी हाताशी येतं. ते मेलं की गल्लीतली लस मेली. उकिरडा तसाच राहतो, रिकाम्या जागेत शेजारची कुत्री घुसतात, नवी पिल्लं जन्मतात आणि जगतात. त्यांतल्या एकालाही लस नसते. शिवाय आपला कुत्रा वाचवायचा म्हणून माणसं तो दुसऱ्या गावी नेऊन सोडतात. रोगाला याहून चांगलं वाहन कुठलं?

बालीने 2010 च्या शेवटी वाट बदलली. प्राणीमित्र संस्थांनी एका विभागात जाळी घेऊन, कुत्री पकडून, टोचून, खुणेचा पट्टा बांधून जागच्या जागी सोडून दाखवली होती. मग सगळ्या बेटावर ते झालं, आणि सहा महिन्यांत दोन लाखांहून जास्त कुत्र्यांना लस मिळाली. माणसांचे मृत्यू झपाट्याने उतरले. पुढे मोहीम ढिलावली, पुन्हा विष बाहेर आलं, लस दिलेली कुत्रीही मारली गेली, आणि 2014-15 मध्ये मृत्यू परत वाढले. मला या उलट्या फेऱ्याची चीड येते. एवढं हाताशी आलेलं काम माणसांनी स्वतःच उधळलं.

आपल्या शेजारी गोवा आहे. तिथे 2014 पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून काम केलं. मोठी जाळी घेतलेली पथकं वाड्यावाड्यांतून फिरली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण आणि मोबाइल अ‍ॅपवर नोंद, त्यामुळे कुठली गल्ली राहिली ते त्याच दिवशी कळायचं. शाळांमध्ये मुलांना कुत्र्याशी कसं वागायचं ते शिकवलं. संशयित कुत्र्याची खबर येताच पथक धावायचं. खरोखर पिसाळलेल्या जनावराला वेदनारहित मरण दिलं जायचं. त्याला माझा विरोध नाही, ती दयाच आहे. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा त्याआधीच्या तीन वर्षांत तिथे माणसाचा एकही बळी नोंदला गेला नव्हता.

आणि मुंबई? 1984 ते 1994 या काळात महापालिकेने सुमारे साडेचार लाख कुत्री मारली. कुत्री संपली नाहीत, रेबीजही संपला नाही. नंतर निर्बीजीकरणाचा मार्ग धरावा लागला, आणि 2001 मध्ये त्याचे देशव्यापी नियम आले. स्ट्रिकनीन टोचून भटकी कुत्री मारण्याला तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच नाव घेऊन मनाई आहे.

रस्त्यावर मुलाला एकटं पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, तो खोटा नाही. जगात रेबीजने मरणाऱ्या दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात. श्वानप्रेमींनी ही भीती हसण्यावारी नेली की लोक विषाकडे वळतात. चावा लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चाव्याने त्वचा फाटली असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्यायचं.

नगरपालिकेच्या सभेत कुत्र्यांचा विषय निघतो तेव्हा किती पकडली आणि किती निर्बीज केली एवढंच सांगितलं जातं. निर्बीजीकरण हवंच, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातात. लस काही आठवड्यांतच काम करू लागते, आणि दरवर्षी नवी पिल्लं येत असल्याने ती दरवर्षी द्यावी लागते. म्हणून नगरसेवकाला विचारायचं ते हे: आमच्या प्रभागात कुत्री किती, त्यांतल्या कितींना या वर्षी लस टोचली, आणि सत्तर टक्के गाठायला किती कमी पडतात?