द्राक्षावरचं औषध बुरशीची ‘वीज’ घालवतं, पण ही वीज मोजतात कशी?

ऑक्टोबर छाटणी झाली की जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागांत डाऊनी आणि भुरीची धास्ती सुरू होते. या रोगांवर फवारलं जाणारं अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन बागायतदारांना नवीन नाही. ते घाव घालतं बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या वीजघरावर.

‘वीजघर’ ही नुसती उपमा नाही बरं का! मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याच्या दोन बाजूंमध्ये खरोखरच 150 ते 180 मिलिव्होल्ट दाब असतो. रिमोटमधल्या सेलच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण पडदा इतका पातळ आहे, की हिशेब केला तर मीटरमागे सुमारे 3 कोटी व्होल्ट येतात. याच दाबावर पेशीचं इंधन, एटीपी, तयार होतं. ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली आणि 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

एवढ्याशा पडद्याला वायर लावणार कुठे? म्हणून शास्त्रज्ञ चमकणारे रंग वापरतात. ऱ्होडामाइन 123 किंवा टीएमआरएम यांचे रेणू धनभारित असतात आणि पडद्याची आतली बाजू ऋण, त्यामुळे रंग आत ओढला जातो. दर 60 मिलिव्होल्टला दहापट, म्हणजे 180 ला हजारपट!

प्रयोगासाठी बहुतेकदा उंदराचं यकृत थंड साखरेच्या द्रावणात कुटतात आणि सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढतात. मग त्यांना रंग आणि सक्सिनेट हे खाद्य देतात. गंमत म्हणजे आत रंगाची फार गर्दी झाली की चमक वाढत नाही, उलट मंदावते. आता औषध टाकायचं. दाब कोसळला तर रंग बाहेर पडतो आणि चमक परत येते. शेवटी एफसीसीपी टाकून उरलासुरला दाब उतरवतात, कारण शून्य कुठे आहे हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रंगाचा हातही आखडताच लागतो, जास्त झाला तर तोच मायटोकॉन्ड्रियाला बाधतो.

उंदराच्या सुट्या मायटोकॉन्ड्रियावरही स्ट्रोबिन चालतात. जिवंत प्राण्याच्या शरीरात मात्र त्यांचं लवकर विघटन होतं. माशांना ते विषारी आहेत, म्हणून पंप ओढ्यात धुऊ नये.

बुरशीच्या एका प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलं की औषध तिथे बसतच नाही. वीजघर सुरू राहतं, फवारणी वाया जाते. जगात अनेक ठिकाणी द्राक्षाच्या डाऊनीत हा बदल सापडलाय. ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन हेही त्याच जागी बसणारे. त्यामुळे दुकानात ब्रँड बदलून घेताना बाटलीवरचं घटकाचं नाव वाचा.