प्रवासी शिवणयंत्र कसें निवडावें

शिवणाच्या वर्गाकरितां यंत्र घ्यावयाचें म्हटलें म्हणजे बहुतेक मंडळी प्रथम किंमत विचारतात, आणि मग तें किती प्रकारचे टांके घालतें हें विचारतात. तें उचलणार कोण, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आम्हींही विचारलें नव्हतें. परिणाम असा झाला कीं, आमच्या शाळेच्या ज्या शिवणाच्या बाई दर शनिवारीं आसपासच्या खेड्यांत जाऊन स्त्रियांस शिवण शिकवितात, त्यांचा वर्ग सबंध पावसाळाभर बंद पडला.

आमचें तें हातयंत्र वाईट नव्हतें. त्याचा टांका इतका सुबक कीं, कित्येक नवीं यंत्रें त्यापुढें लाजतील. परंतु तें बिडाचें. लांकडी बैठक व झांकण धरून त्याचें वजन १३ किलोंच्या घरांत जाई. एस. टी.च्या उंच पायरीवरून तें वर घेतांना बाईंच्या कमरेंत उसण भरली, आणि डॉक्टरांनीं त्यांस ओझें उचलण्याची मनाई केली. त्या वर्गांतील तिघी जणी शाळेचे गणवेश शिवून घरखर्चास हातभार लावूं लागल्या होत्या. चौथी नुकती झगा बेतावयास शिकली होती. यंत्र जड आहे म्हणून वर्ग बंद, असें त्यांस कळवितांना आम्हांस ओशाळल्यासारखें झालें. हलक्या यंत्रांचा शोध आम्ही आरंभिला तो तेव्हांपासून.

यंत्राला वजन लागतें तरी कशाला, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. यंत्र चालत असतां सुईचा दांडा मिनिटास शेंकडों वेळां खालींवर होतो. त्याचा हादरा बीड आपल्या वजनानें पचवितें. म्हणून जुनें यंत्र मेजावर ठाण मांडून बसतें. नुसतें वजन कमी केलें तर तें थरथरतें, मेजावरून सरकतें आणि शिवण वांकडी होते. हलकेपणा व स्थिरपणा ह्यांची सांगड घालणारें एक यंत्र सिंगर कंपनीनें १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत पुढें आणिलें. त्याचें नांव फेदरवेट, म्हणजे पिसाच्या वजनाचें. त्याचें अंग ॲल्युमिनियमचें, वजन ११ पौंड, म्हणजे सुमारें ५ किलो. आणि डावीकडील फळी वर दुमडली कीं तें एका लहान पेटींत मावे. घाली तें फक्त सरळ टांका. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तें निघावयाचें थांबलें, तरी गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन स्त्रिया आजही तीं जुनीं यंत्रें हौसेनें दुरुस्त करून वर्गांना व निवासी शिबिरांना घेऊन जातात. ह्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलों. त्या कारागिरांनीं धातु टाकून दिला नाहीं. जड धातूच्या जागीं हलका धातु घातला.

(सिंगरचें नांव निघालें म्हणून सांगतों. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनीं १९२४ सालीं एका संभाषणांत शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें प्रेमापोटीं तें यंत्र शोधिलें, असें ते म्हणाले. इतिहास किंचित् रुक्ष आहे. आयझॅक सिंगरनें १८५० सालीं बॉस्टन येथील एका कारखान्यांत दुसऱ्याचें यंत्र सुधारावयास घेतलें, व १८५१ सालीं आपल्या सुधारणेचें पेटंट मिळविलें. परंतु शिवणाऱ्या बाईचे कष्ट वांचले, हें खरेंच आहे.)

असें एखादें जुनें अमेरिकन यंत्र कोणी भेट दिलें, तर त्याची तारेची गुंडी आपल्या भिंतींतील विजेला लावण्यापूर्वीं त्यावरील पट्टी वाचावी. तिकडील यंत्रें ११० व्होल्टचीं असतात. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. मध्यें ट्रान्स्फॉर्मर नसेल तर मोटर जळून जाते.

आतां आमची दुसरी चूक. जड यंत्रानें पोळल्यामुळें आम्ही एकदम दुसऱ्या टोंकास गेलों, आणि खोक्यावरील चित्र पाहून दोन किलोंच्याही आंतलें एक यंत्र मागविलें. तें सुटींतील शिबिरास नेलें. पहिल्या दिवशीं रुमाल झाले. दुसऱ्या दिवशीं पिशवीचा पट्टा जोडावयाचा होता. तेथें कापडाचे चार पदर येतात. यंत्रानें एक आचका दिला, सुई मोडली, आणि खालचा दोरा गुंतून कापड दात्यांत अडकलें. जिच्या हातून हें झालें ती मुलगी रडूं लागली. तिला वाटलें, आपणच यंत्र मोडलें. वास्तविक मोडण्यासारखेंच तें होतें. नवशिक्याच्या हातीं वाईट हत्यार देण्यांत हा मोठा अन्याय आहे कीं, हत्याराचा दोष तो आपल्या अंगावर घेतो.

म्हणून तिसऱ्या वेळीं आम्ही दुकानांत गेलों ते आपलें कापड बरोबर घेऊन. एक मलमलीचा तुकडा, एक गणवेशाच्या जाड कापडाचा, आणि एक त्याच जाड कापडाची दुहेरी दुमड घातलेला. दुकानदार आपला कडक इस्तरीचा तुकडा पुढें करितो. त्यावर कोणतेंही यंत्र सुंदर शिवतें. त्यास नम्रपणें नाहीं म्हणावें. मलमलीवर टांका चुण्या पाडतो काय तें पाहावें. जाड दुमडीवर सुई चढतांना हातानें चाक फिरवून पाहावें, मग मोटरीवर. वेग कमी ठेविला असतां सुई दुमडींत अडून राहिली, तर तें यंत्र आपल्या कामाचें नव्हे. शिवण उलटून दोन्ही बाजूंचा टांका सारखा आहे काय तें पाहावें. मग यंत्र हातांत धरून दुकानाच्या पायऱ्या उतरावें व चढावें, दुसऱ्या हातांत कापडाची पिशवी घेऊन. दुकानदार हंसला, तरी ही परीक्षा सोडूं नये. आमच्या बाईंनीं ती तीन यंत्रांची घेतली.

साधारणपणें ५ ते ६ किलोंचें, बाहेरून प्लास्टिकचें परंतु आंत धातूचा सांगाडा असलेलें यंत्र ह्या परीक्षेस उतरतें. मूठ वर मध्यभागीं व अंगास पक्की जोडलेली असावी. चाळीस नक्षीदार टांक्यांचा मोह धरूं नये. सरळ टांका, कापडाची कड सुटूं नये म्हणून नागमोडी टांका, आणि काज, एवढें पुष्कळ झालें. बॉबिन मात्र वर्गांतील इतर यंत्रांत बसते तीच असावी. हें क्षुल्लक दिसतें. परंतु तालुक्याच्या बाजारांत न मिळणारी बॉबिन शिबिरांत हरवली, म्हणजे सबंध यंत्र हरवल्यासारखेंच होतें. सुया ११, १४ व १६ नंबरच्या नेहमीं बरोबर असाव्या.

विजेचा प्रश्न राहिला. ह्या यंत्रांची मोटर बहुधा ७० ते ९० वॅटची असते, त्यामुळें शिबिराच्या जागीं साधा इन्व्हर्टर असला तरी भागतें. ज्या गांवीं वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं, तेथें हातयंत्राला तोड नाहीं. त्यांत आणखी एक गुण आहे: दांडी थांबली कीं सुई थांबते, म्हणून नवी मुलगी घाबरत नाहीं. आमचें जुनें बिडाचें यंत्र आम्हीं अशा एका गांवच्या बालवाडींत कपाटांत कायमचें ठेविलें आहे. आतां तें कोणीच उचलीत नाहीं.

प्रवासास निघतांना कापडाची घडी पायाखालीं घालून पाय व सुई खालीं करावीं, आणि यंत्र उभेंच न्यावें. आडवें ठेविल्यास तेल झिरपून पुढील कापडावर डाग पडतात. जुन्या लांकडी झांकणाचें कुलूप लागलें आहे ह्याची खात्री झाल्यावांचून मुठीला हात लावूं नये. आम्हीं एकदां लावला होता.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारीं बाई नवें यंत्र घेऊन निघाल्या. कंडक्टरानें विचारलें, "बाई, बाजाची पेटी का?" त्यांनीं हो म्हणून सांगितलें आणि स्वतःच ती मांडीशीं घेऊन बसल्या. गांवीं तिघी जणी वाट पाहत होत्या. चौथी ऊसतोडणीस गेली होती. तिचा अर्धा शिवलेला झगा बाईंनीं यंत्राच्या पेटींत घडी करून ठेविला आहे.