धुऱ्यावरचा थोर

अकोला-अमरावतीकडे वावराच्या धुऱ्यावर पूर्वी थोराचे कुंपण असायचे. तारेचे कुंपण आले अन् थोर दिसेनासा झाला. आता तो शोधायचा तर सातपुड्याच्या खडकाळ, मुरमाड उतारावर. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला; थोर मात्र इथलाच. जाड खोडात पाणी साठवतो, उन्हाळ्यात पाने गाळून हिरव्या खोडावरच अन्न तयार करतो.

भय काट्यांचे नाही, चिकाचे आहे. मजुरीने धुरा साफ करणाऱ्या आयाबहिणींनी डोळे जपावेत. चीक डोळ्यात गेला तर चोळू नये. अंगारा लावणारे अजूनही भेटतात, त्यांना दूरच ठेवावे. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. काम सांगणाऱ्या मालकाकडून हातमोजे मात्र आधीच मागून घ्यावेत.