रुग्णालयात एआय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : एआय आले की रेडिओलॉजिस्ट घरी बसणार.
वस्तुस्थिती : रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवा, असे संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्येच म्हणाले होते. तसे काही झाले नाही. बदलू लागली ती कामाची वाटणी. स्वीडनमध्ये मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) दोन डॉक्टरांनी पाहण्याची पद्धत रूढ होती. तिथल्या सुमारे ८० हजार स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींच्या मॅमोग्रामची जोखमीनुसार विभागणी एआयने केली आणि कमी जोखमीचे मॅमोग्राम एकाच डॉक्टरने पाहिले. वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले, कर्करोग सापडण्याचे प्रमाण मात्र घटले नाही.

गैरसमज : प्रयोगशाळेत अचूक ठरले, म्हणजे दवाखान्यातही चालणार.
वस्तुस्थिती : मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिली गेली. खोलीत पुरेसा अंधार नसे, त्यामुळे फोटो धूसर येत. पाचातला जवळपास एक फोटो प्रणालीने नाकारला. इंटरनेट मंद पडले की रुग्णांची रांग खोळंबे. फोटो नाकारला गेलेल्यांना पुन्हा दुसऱ्या दवाखान्याची वाट धरावी लागे. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

गैरसमज : शेकडो रुग्णालये वापरतात, म्हणजे ते पारखलेलेच असणार.
वस्तुस्थिती : सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गातून ओढवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा आगाऊ इशारा देणारी एपिक कंपनीची प्रणाली अमेरिकेत अशीच सर्वदूर पोहोचली होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने ती स्वतःच्या नोंदींवर तपासली. २०२१ मधला निष्कर्ष असा : सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिच्या नजरेतून सुटले, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी इशारे वाजले. फुकटचे इशारे वाढले की वॉर्डातले कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतात.

गैरसमज : सॉफ्टवेअर विकत घेतले की काम झाले.
वस्तुस्थिती : क्षयरोगाच्या चाळणीसाठी १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींचे छातीचे एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. पण संगणक देतो ते फक्त गुण. किती गुणांच्या पुढे रुग्णाला संशयित मानायचे, हे वापराच्या ठिकाणच्या लोकसंख्येचा अंदाज घेऊन ठरवावे लागते. आकडा खाली ठेवला तर थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळेवर ताण येतो. वर नेला तर रुग्ण निसटतात. हा आकडा कुणी ठरवायचा, संशयितांची थुंकी किती दिवसांत तपासून होणार आणि चुकांची नोंद कोण ठेवणार, हे खरेदीच्या आधीच ठरायला हवे.