छाती, चुंबक आणि रोखलेला श्वास

आपटा गावाहून हृदयाच्या एमआरआयसाठी पनवेल-खारघरकडे निघालेल्या माणसाला तिथे गेल्यावर एक प्रश्न बुचकळ्यात टाकतो: ‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’ तपासणी हृदयाची आणि चौकशी डोळ्याची! पण पाताळगंगा-रसायनीच्या औद्योगिक पट्ट्यात ग्राइंडर किंवा वेल्डिंगवर उमेदीची वर्षं घालवलेल्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. वर्षानुवर्षं निपचित बसलेली बारीकशी कणीही एमआरआय यंत्रातल्या चुंबकाजवळ हलू शकते आणि डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

हे चुंबक नेहमीचं १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये त्याच्या तारांचा विद्युतरोध शून्य होतो, त्यामुळे एकदा सोडलेली वीज त्यांत फिरतच राहते. रात्री केंद्राला कुलूप लागलं तरी चुंबक जागंच असतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर अशाच चुंबकाकडे खेचलं गेलं आणि दोन कर्मचारी सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. म्हणून तर बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना, अंबाड्यातले आकडे, करगोट्याचा ताईत, सगळं बाहेर ठेवायला लावतात. पेसमेकर, स्टेंट, कानातलं यंत्र यांची माहिती तर कागदपत्रांसकट द्यावी. स्टेंट बहुतेक चालतात. पेसमेकरचं मॉडेल मात्र तपासावंच लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं आहेत. त्यांतली काही चुंबकाच्या दिशेने तर काही उलट्या दिशेने झुकतात, आणि सरळ बाजूचं पारडं दहा लाखांमागे फक्त पाचेक केंद्रकांनी जड असतं. रेडिओलहरींनी डिवचल्यावर या मूठभरांकडून जो क्षीण संदेश येतो, त्यातून सगळं चित्र उभं राहतं. मला तरी हे कितीही वेळा वाचलं तरी अचंबाच वाटतो.

त्यात हृदय एका जागी थांबत नाही. एका ठोक्यात पूर्ण चित्र नीटसं मिळत नाही, म्हणून यंत्र दर ठोक्याला थोडा थोडा भाग टिपतं आणि दहाएक ठोक्यांतून एक ठोका जोडून दाखवतं. पडद्यावर धडधडताना दिसतो तो ठोका तसा कधी पडलेलाच नसतो! हे जमायला ठोके सारखे हवेत आणि छाती स्थिर हवी. ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’ याचा सराव आधीच करून घेतात. श्वास सोडूनच थांबायचं, कारण सोडल्यावर श्वासपटल दर वेळी जवळपास त्याच जागी येतं. भरून रोखला तर कधी वर, कधी खाली. दहा-पंधरा सेकंदांचा हा श्वास तासाभरात पुन्हापुन्हा रोखावा लागतो. घरी पडल्या पडल्या सराव करून गेलेलं उत्तम.

ठोका कळावा म्हणून छातीवरचे केस काढून, कातडी घासून ईसीजीच्या पट्ट्या लावतात. इथे आणखी एक नवल घडतं. रक्त वीजवाहक आहे. हृदयातून जोरात निघालेली रक्ताची धार महाधमनीच्या कमानीतून वळते, तेव्हा चुंबकक्षेत्रामुळे रक्तातच विद्युतदाब तयार होतो आणि ईसीजीची रेघ वेडीवाकडी होते. यंत्राने त्यालाच ठोका समजू नये, म्हणून पट्ट्या नेमक्या जागी नीट चिकटायला हव्यात. आत गेल्यावर हात जोडू नका, असंही सांगतात. देवाचं नाव मनात घ्यावं, पण हात एकमेकांना लागले की शरीराचंच वेटोळं होतं, त्यात रेडिओलहरींनी वीज खेळू शकते आणि कातडी भाजते.

गॅडोलिनियमचं इंजेक्शन द्यायचं असेल तर मूत्रपिंडं कशी आहेत ते रक्त तपासून पाहतात. निरोगी स्नायूतून हे औषध दहाएक मिनिटांत ओसरतं, पण हृदयविकाराच्या झटक्याने मेलेल्या भागात रेंगाळतं आणि तो वण पांढरा चमकतो.

औषधाने हृदयावर ताण देऊन तपासणी असेल, तर आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. त्यासाठीचं अ‍ॅडिनोसिन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतं, आणि चहातलं कॅफीन नेमकी त्याचीच वाट अडवतं. मग रक्तपुरवठ्याची खरी कमतरता चित्रात दिसत नाही. सवयीने सकाळचा कप पोटात गेलाच असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगून टाकावं; तारीख पुढे गेली तरी चालेल.