एक बाइट कमी

चारशे कोडी, भाषा एकच, पायथन, आणि अटी दोनच: उत्तर बरोबर हवं आणि ते काढणारा प्रोग्राम होईल तितका आखूड हवा. २०२५ साली कॅगल या संकेतस्थळावर ‘गूगल कोड गोल्फ चॅम्पियनशिप’ झाली. निमित्त होतं न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागतिक परिषदेचं. गुणांची पद्धत पाचवीतल्या पोरालाही कळावी इतकी सरळ होती. प्रत्येक कोड्याला अडीच हजारातून प्रोग्रामची लांबी वजा करायची, उरतील ते गुण. लांबी मोजायची बाइटमध्ये. इंग्रजी अक्षर, आकडा, कंस, मधली मोकळी जागा, ओळ संपल्याची खूण, या प्रत्येकाला एक बाइट. शंभर बाइटांचा प्रोग्राम लिहिला तर २४०० गुण. चारशेच्या चारशे कोडी सुटली आणि सरासरी शंभर बाइटांची पडली, तर बेरीज ९,६०,००० होते. तिथून पुढची सगळी मारामारी एकेका बाइटसाठी.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणून या प्रकाराला ‘कोड गोल्फ’ म्हणतात. हे नाव रुळलं १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पर्ल या भाषेच्या चाहत्यांमध्ये. हा नाद एकलकोंड्या माणसांचा, असं बाहेरच्यांना वाटतं. रात्री दोनला कुणीतरी अंधाऱ्या खोलीत एक अर्धविराम वाचवत बसलाय, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते हे चित्र अर्धवट आहे. गोल्फ एकट्यानं सुरू करता येतो, पण खरी लांबी घटते ती दुसरा माणूस मध्ये आल्यावर. कॅगलच्या स्पर्धेत हे आकड्यांतच दिसत होतं.

ती चारशे कोडी फ्रांस्वा शोले या संशोधकानं २०१९ मध्ये मांडलेल्या ‘आर्क’ नावाच्या संचातली होती. प्रत्येक कोड्यात रंगीत चौकटींच्या काही जोड्या असतात, आधीची आणि नंतरची. एखाद्या कोड्यात आडव्या ओळी उभ्या होतात, दुसऱ्यात बंदिस्त आकाराच्या आत रंग भरला जातो, तिसऱ्यात सगळ्यांत मोठा तुकडा तेवढा उरतो. जोड्या पाहून नियम ओळखायचा. शोलेंचा प्रश्न असा होता की माणसाचं मूल जे सहज ओळखतं ते यंत्राला जमतं का. गोल्फवाल्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. नियम ओळखायचं काम माणसांनी करायचं, मग तो नियम कमीत कमी बाइटांत लिहायचा. प्रोग्राम दिलेल्या उदाहरणांवर तर चालायला हवाच, शिवाय त्याच नियमानं तयार केलेल्या नव्या उदाहरणांवरही. त्यामुळे उत्तरं पाठ करून ठेवायची सोय नव्हती.

आडव्याचं उभं करण्याचं कोडं घ्या. नवशिका पायथनवाला शिकवल्याप्रमाणे फंक्शन बांधतो, उत्तराची यादी करून परत देतो. आटोपशीर लिहिलं तर २९ बाइट. सरावलेला माणूस ‘लॅम्डा’ नावाची आखूड पद्धत वापरतो आणि यादी करण्याचा शब्द टाकून तिथे चौकोनी कंस नि एक तारा ठेवतो. २१ बाइट. इथवर कुणीही पोहोचतं. ही नुसती छाटणी झाली, आणि छाटणीला लवकरच तळ लागतो.

आता समजा, दोन संघ अगदी बरोबरीत आहेत. पहिल्याचे प्रोग्राम दीडशे कोड्यांत चार-चार बाइटांनी आखूड, दुसऱ्याचे वेगळ्या दीडशे कोड्यांत तितकेच आखूड, उरलेल्या शंभरांत दोघे सारखे. कॅगलवर संघांना मुदतीआधी एकत्र येता येतं. एकत्र आल्यावर प्रत्येक कोड्यासाठी दोघांतला आखूड प्रोग्राम उचलायचा. दोघांच्याही खात्यात त्याच मिनिटाला ६०० गुणांची भर! नवी ओळ एकही लिहिलेली नाही. क्रिकेटमध्ये दोन संघ जोडले तरी खेळणार अकराच. इथे मात्र जोडल्यानं गुण कमी होणं शक्यच नाही. ही झाली बेरीज. खरी मजा त्यापुढे सुरू होते, कारण शेजारच्याचा प्रोग्राम वाचताना त्याची युक्ती आपल्या हाती लागते आणि ती आपल्या दुसऱ्याच कोड्यात बसते.

अशा युक्त्यांचा एक मासला देतो. ‘क’मध्ये एक मिळवून त्याला ‘ख’ने गुणायचं आहे. सरळ लिहिलं तर ‘क अधिक एक’ला कंस घालावे लागतात आणि सात चिन्हं खर्च होतात. गोल्फवाला लिहितो -~क*ख. पाच चिन्हं. ~ ही खूण संख्येचे सगळे बिट उलटे करते, त्यामुळे क चा होतो उणे क उणे एक. त्याच्यापुढे आणखी एक उणे लावलं की क अधिक एक. शिवाय या खुणा गुणाकाराच्या आधी लागू होतात, म्हणून कंस नकोत. मुरलेल्या गोल्फवाल्याच्या बोटांत हे बसलेलं असतं.

मी ‘क’ आणि ‘ख’ मुद्दाम लिहिले. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं आणि प्रोग्राम बिनतक्रार चालतो. पण यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात, आणि ‘क्षि’ लिहायला क, हलन्त, ष, वेलांटी मिळून बारा. मराठी माणसानं गोल्फ खेळावा तो रोमन अक्षरांतच! काही ठिकाणी मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतात. तिथे वेगळीच लबाडी चालते. दोन साधी इंग्रजी अक्षरं एका चिनी दिसणाऱ्या चिन्हात कोंबायची आणि चालवताना प्रोग्रामनं ती स्वतःच उलगडायची. पाहणाऱ्याला वाटतं, कुणी चिनी कविता लिहून ठेवली आहे.

कॅगलच्या स्पर्धेत कोंबाकोंबीचा याहून मोठा प्रकार चालला. मोठा प्रोग्राम झिप फाइलसारखा दाबायचा, आणि समोर ‘हे उघड आणि चालव’ एवढीच सूचना ठेवायची. ही सूचनाच साठेक बाइट खाते, म्हणून आखूड प्रोग्रामला ती परवडत नाही. लांबड्या प्रोग्रामला परवडते. पण मग सगळे नियम उलटे होतात. एरवी पुनरुक्ती म्हणजे पाप. दाबण्याच्या यंत्रणेला मात्र पुनरुक्तीच हवी असते, कारण आधी येऊन गेलेला तुकडा ती जवळजवळ फुकटात पुन्हा लिहिते. म्हणून मग लिहिताना आखूड करायच्या ऐवजी सारखं करायचं. दोन ठिकाणी वेगवेगळी फेरी असेल तर एक बाइट वाढवून दोन्ही हुबेहूब एकसारख्या लिहायच्या, व्हेरिएबलची अक्षरं बदलून बदलून पाहायची. संघात एक माणूस कल्पना काढणारा आणि एक असा अक्षरांची अदलाबदल करत बसणारा असला तर बरं. दोन्ही कामांना लागणारा स्वभाव एकाच माणसात सापडणं कठीण.

हा नाद ‘कोड गोल्फ’ या नावाहून बराच जुना आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीत ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ची पोरं टीएक्स-झिरो नावाच्या संगणकाभोवती जमत. खेळण्यातल्या आगगाड्यांचा तो क्लब, पण पोरांना वेड लागलं प्रोग्रामचं. संगणकाची स्मृती तुटपुंजी, त्यामुळे सूचना वाचवणं ही गरज होती, आणि गरजेची स्पर्धा झाली. संख्या दशमान पद्धतीत छापून देणारा प्रोग्राम त्यांच्यात विशेष गाजला. पन्नास सूचनांच्या खाली कोण येतो यावर सगळे अडून बसले होते. पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात ही हकिगत सांगितली आहे. एका मुलानं ४६ सूचनांत काम भागवलं, तेही आकडे उलट्या क्रमानं काढून. बाकीचे सगळे सरळ क्रमाच्या प्रोग्राममधून सूचना खरवडत होते. पण तो मुलगा तिथवर आला तो बाकीच्यांनी पन्नासपर्यंत रेटत आणल्यामुळेच.

लाघवाचं वेड आपल्याकडचं शोधायचं तर व्याकरणाकडे जावं लागतं. पाणिनीची अष्टाध्यायी म्हणजे जवळपास चार हजार सूत्रं. सुरुवातीच्या चौदा सूत्रांत वर्ण अशा क्रमानं मांडलेत की पुढे ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर आणि ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिताच चालू राहतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. प्रोग्रामरला ही दोन्ही तंत्रं ओळखीची वाटतील. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशा अर्थाचं वचन नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात शेवटी येतं. नागेशभट्ट काशीत राहिलेले महाराष्ट्रीय, आडनाव काळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडितानं या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं.

मला इथे पाणिनीपेक्षा त्याच्या मागून आलेल्यांचं जास्त कौतुक वाटतं. कात्यायन आणि पतंजली शतकानुशतकांच्या अंतरानं तीच सूत्रं पुन्हा पुन्हा तपासतात. हा शब्द काढला तर बिघडेल का? तो अर्थ दुसऱ्या सूत्रातून आपोआप मिळत नाही का? मग हा इथे कशाला? पतंजलीच्या महाभाष्याची कितीतरी पानं या एका प्रश्नाच्या मागे लागलेली आहेत. फरक एवढाच की सूत्रं तोंडपाठ करायची होती, म्हणून तिथल्या आखूडपणाला उपयोग होता. गोल्फमधल्या आखूडपणाला तसा काही उपयोग नाही.

क्वचित कधी असतोही. १९९५ मध्ये ॲडम बॅक या ब्रिटिश तरुणानं आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत पर्लच्या चार-दोन ओळींत बसवली आणि इतरांनी हातभार लावत ती आणखी आखडली. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यात पक्क्या गुप्तलेखनाची गणना शस्त्रास्त्रांत होती आणि परवान्याविना ते देशाबाहेर नेणं गुन्हा. लोकांनी त्या ओळी टी-शर्टवर छापल्या. अंगात तो सदरा घालून परदेशाच्या विमानात बसणं म्हणजे शस्त्रांची निर्यात, असा कायद्याचा अर्थ निघत होता. प्रोग्राम पाच पानांचा असता तर हा विनोद साधला नसता.

संघ म्हणून आखूडपणाची परंपरा सर्वांत नीट सांभाळली ती युरोपातल्या ‘डेमोसीन’नं, म्हणजे चित्र-संगीताचे प्रोग्राम रचून मेळाव्यांत दाखवणाऱ्या मंडळींनी. इथे मोजतात ती तयार फाइल. चार किलोबाइटच्या गटात ४०९६ बाइटांत चित्रफीत आणि संगीत, दोन्ही बसवायचं. २००९ मध्ये जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात आरजीबीए आणि टीबीसी या दोन संघांनी मिळून ‘एलिव्हेटेड’ सादर केली आणि त्या गटात पहिला क्रमांक मिळवला. पडद्यावर बर्फाच्छादित डोंगररांगा, त्यावरून घिरट्या घालणारा कॅमेरा, मागे संगीत. तुम्ही वाचताय तो हा लेख युनिकोडमध्ये साठवला तर त्याला त्या फाइलच्या कितीतरी पट जागा लागेल. डोंगर कुठेच साठवलेले नाहीत, ते गणितातून उगवतात. दृश्यांचं गणित इन्यिगो किलेझ यांचं. ते पुढे पिक्सारमध्ये गेले. संगीतवाला वेगळा. एकाचं काम बाइट खाऊ लागलं की दुसऱ्याला आवरतं घ्यावं लागणार, म्हणजे वाटाघाटी आल्याच. फिनलंडनं २०२० मध्ये आणि जर्मनीनं २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

याहून आखूड होणं अशक्य, असं कधी म्हणता येतं का? सर्वसाधारणपणे नाही. कोल्मोगोरोव, सोलोमोनॉफ आणि चायटिन या तिघांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे हा विषय मांडला. दिलेलं उत्तर छापणारा सर्वांत आखूड प्रोग्राम किती लांबीचा, हे प्रत्येक वेळी काढून देईल अशी कोणतीही यांत्रिक रीत असू शकत नाही, असं त्यातून सिद्ध होतं. म्हणून गोल्फमधला प्रत्येक विक्रम तात्पुरता. एक गमतीचा अपवाद आहे. मुद्दाम अगम्य लिहिलेल्या सी-प्रोग्रामांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून चालते. १९९४ मध्ये तिथे स्वतःचीच प्रत छापणारा प्रोग्राम म्हणून कुणीतरी रिकामी फाइल पाठवली. शून्य बाइट, आणि छापलं काय, तर काहीच नाही, म्हणजे बरोबर! परीक्षकांनी नियमांच्या सर्वांत वाईट गैरवापराचं बक्षीस दिलं आणि पुढच्यांसाठी नियम बदलला. त्याहून आखूड मात्र खरोखरच काही होणार नाही.

घरात कुणी पायथन शिकत असेल तर त्याला कोड डॉट गोल्फ हे संकेतस्थळ दाखवा. पैसे पडत नाहीत आणि फिबोनाचीसारखी सोपी कोडी सुरुवातीला पुरतात. इतरांचे प्रोग्राम तिथे दिसत नाहीत, फक्त लांबी दिसते, आणि तीच माणसाला झोपू देत नाही. आधी एकट्यानं अडेपर्यंत लढावं, मग मैत्रिणीला किंवा भावाला शेजारी बसवून दोघांचे प्रोग्राम ताडून पाहावेत. जपानी शिनिचिरो हामाजी यांच्या ‘अनार्की गोल्फ’वर तर मुदत असलेल्या कोड्यांची सगळ्यांची उत्तरं मुदतीनंतर उघडी होतात. शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. एक विनंती मात्र आहे: असा कोड नोकरीच्या ठिकाणी लिहू नका. सहा महिन्यांनी तो दुरुस्त करायची पाळी दुसऱ्या कुणावर येणार असते.