घरी बघितलेला सिनेमा 'ठीकठाक'च का वाटतो?

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या फॅमिली ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो. "बघितला. बरा आहे. एकदा बघायला हरकत नाही." कधी तो काकांचा असतो, कधी आतेबहिणीचा. त्याखाली कुणीतरी "आम्ही अर्ध्यातच सोडला" असं लिहितं, कुणी रडका इमोजी टाकतं आणि सोमवारी सकाळी 'शुभ प्रभात'च्या फोटोंखाली तो विषय गाडला जातो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये झी फाइव्हवर 'मिसेस' आला, तेव्हाही हेच झालं. आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेला आणि सान्या मल्होत्राची मुख्य भूमिका असलेला हा सिनेमा. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचा अख्खा दिवस स्वयंपाकघरात कसा संपतो, त्याची ही गोष्ट. आम्ही चौघांनी तो एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर बघितला. बाबा म्हणाले, "तेच तेच दाखवलंय." भावाचं मत, "ट्रेलरमध्येच सगळं होतं." मी म्हटलं, "चांगला आहे." आणि आई म्हणाली, "मी कुठे नीट बघितला?"

आईचं खरं होतं. कुकर बंद करायला, दूध बघायला, बाबांना पाणी द्यायला आणि मग ओटा आवरायला ती इतक्या वेळा उठली होती, की तिने बराचसा सिनेमा स्वयंपाकघराच्या दारातून बघितला. सिनेमाचा विषय काय होता हे लक्षात घेतलं, तर ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटायला नको होती. पण सुटली.

चार माणसं, चार मतं. आवडीनिवडी वेगळ्या असतात हे मान्य. पण आपण सिनेमा *कसा* बघितला याचाही आपल्या मतात मोठा वाटा असतो, आणि मत सांगताना आपण नेमकं तेवढंच गाळतो. हा वाटा कुठून येतो, ते बघूया.

थिएटर आणि घर यांत नक्की काय बदलतं?

थिएटरला जायचं म्हणजे आधी वेळ जुळवायची, तिकीट काढायचं, रिक्षा किंवा पार्किंग शोधायचं. एवढं करून बसल्यावर पहिली वीस मिनिटं संथ गेली तरी माणूस उठत नाही. खर्च झालेला असतो, बाहेर जायला चार जणांचे पाय ओलांडावे लागतात, अंधारात बघण्यासारखं दुसरं काही नसतं. सिनेमाला त्याची गोष्ट उभी करायला वेळ मिळतो.

घरी हीच वीस मिनिटं सिनेमाची परीक्षा असते. हातात रिमोट आहे, दुसऱ्या हातात मोबाइल आहे आणि पुढचे दोनशे पर्याय एका बटणावर आहेत. थिएटरमधून बाहेर पडताना आपण विचारतो, "पैसे वसूल झाले का?" घरी पैसे महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये आधीच गेलेले असतात. त्यामुळे प्रश्न उरतो, "वेळ फुकट गेला का?" या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच सिनेमासाठी वेगळी येऊ शकतात.

त्यात बघण्याचा वेगही आता आपल्या हातात आहे. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये वेग कमी-जास्त करण्याच्या सोयीची चाचणी सुरू केली, तेव्हा जड अपाटो आणि ब्रॅड बर्ड यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तरीही २०२० मध्ये अँड्रॉइड फोनवर ती सोय आली. दीडपट वेगाने बघितल्यावर दोन तासांचा सिनेमा ऐंशी मिनिटांत संपतो. कथानक कळतं. पण दोन वाक्यांमध्ये नटाने घेतलेला थांबा उरत नाही, आणि अनेकदा अभिनय त्या थांब्यातच असतो.

माझाच दाखला देते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याआधी २०२० मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या एका तरुणाची ही मराठी गोष्ट मी पहिल्यांदा तीन रात्रींत, फोनवर, जेवता जेवता बघितली आणि मित्रांना सांगितलं, "स्लो आहे रे." वर्षभराने हेडफोन लावून एका बैठकीत बघितली. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून जाणारी मोटरसायकल आणि त्यावर सुमित्रा भावे यांचा आवाज, हे प्रसंग मी पहिल्या वेळी चक्क पुढे ढकलले होते. सिनेमा संथ आहे हे माझं मत अजूनही तसंच आहे. पण तो का संथ आहे, हे मला दुसऱ्यांदा कळलं.

"डायलॉगच ऐकू येत नाहीत" हा दोष कुणाचा?

घरच्या सिनेमाबद्दलची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे बोलणं हळू आणि मारामारी मोठ्याने. मग रिमोटवरचा अंगठा आवाज वर-खाली करत राहतो.

यामागे तांत्रिक कारण आहे. थिएटरसाठी ध्वनी तयार करताना तो अनेक स्पीकरमध्ये विभागलेला असतो. संवाद बहुतेक करून पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि इतर आवाज बाजूंनी व मागून येतात. घरी हे सगळं टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या बाजूच्या दोन लहान स्पीकरमध्ये कोंबलं जातं. त्यात पंखा चालू, बाहेर गाड्या आणि स्वयंपाकघरात मिक्सर. संवाद दबणारच.

चित्राचंही तसंच. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चित्रं या वेगाने बनतो. अनेक नव्या टीव्हींमध्ये मोशन स्मूदिंग नावाची सोय आधीपासून चालू असते. दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्ही स्वतः तयार करतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटसाठी हे ठीक आहे, पण सिनेमा त्यामुळे रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं. "सेट खोटा वाटतो", "स्वस्तातला वाटतो" असं आपण म्हणतो, तेव्हा कधीकधी दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो.

मग थिएटरमधलं मतच खरं का?

नाही. घरच्या प्रेक्षकांनी अनेक सिनेमांना न्याय दिलेला आहे.

१९९४ चा 'अंदाज अपना अपना' तिकीटबारीवर फारसा चालला नव्हता. टीव्हीवर आणि कॅसेटवर तो इतका बघितला गेला, की पुढच्या पिढीला तो पाठ झाला. २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरमध्ये आणला गेला. १९९९ चा 'सूर्यवंशम' थिएटरमध्ये पडला, पण त्याच वर्षी सुरू झालेल्या सेट मॅक्सवर तो इतक्या वेळा लागला, की त्यावरचे विनोदही आता जुने झाले. 'सूर्यवंशम'चं एक वैशिष्ट्य आहे. तो कुठूनही बघा, कळतो. भाजी निवडता निवडता, मधूनच उठून, अर्ध्या तासाने परत येऊन. घरच्या तुटक बघण्याला तो सोयीचा आहे.

'तुंबाड'चं याच्या उलट झालं. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरमधली कमाई बेताची होती. नंतर लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितला आणि "हा मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता" ही हळहळ वर्षानुवर्षं टिकली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. घरच्या गप्पांमधून थिएटर भरल्याचं हे उदाहरण आहे.

आपल्या मताने फरक पडतो का?

पडतो, विशेषतः लहान सिनेमांना. ज्यावर 'मिसेस' आधारलेला आहे तो मूळ मल्याळम सिनेमा 'द ग्रेट इंडियन किचन' जानेवारी २०२१ मध्ये नीस्ट्रीम या छोट्या प्लॅटफॉर्मवर आला होता. मोठे तारे नव्हते, गाजावाजा नव्हता. बघणाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली, तो केरळबाहेर पोहोचला आणि काही महिन्यांत ॲमेझॉन प्राइमवर आला.

प्लॅटफॉर्मही आपलं मत मोजतात, पण त्यांची मोजणी वेगळी असते. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून टाकले आणि अंगठा आणला. कारण लोक गंभीर माहितीपटांना भरभरून तारे देत, पण प्रत्यक्षात बघत हलकेफुलके कार्यक्रम. म्हणजे आपण काय म्हणतो यापेक्षा आपण काय बघतो, यावर कंपनीचा जास्त भरवसा. पण 'बघितलं' कशाला म्हणायचं, हेही बदलत राहतं. २०२० च्या सुरुवातीला नेटफ्लिक्स दोन मिनिटं बघितलं तरी एक प्रेक्षक मोजत असे. २०२३ पासून बघितलेले एकूण तास भागिले सिनेमाची लांबी, असा हिशोब आहे. "इतक्या कोटी लोकांनी बघितला" ही जाहिरात वाचताना हे लक्षात असू द्या.

टक्क्यांचंही तसंच. रॉटन टोमॅटोजवर एखाद्या सिनेमाला ९० टक्के मिळाले, म्हणजे त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले असं नाही. शंभरपैकी नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. ते सगळे नव्वद जण "बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही" एवढंच म्हणत असतील, तरीही आकडा ९० च दिसेल.

मग मत सांगायचं कसं?

समीक्षक व्हायची गरज नाही. ग्रुपवरच्या एका ओळीत आणखी एक ओळ घातली तरी पुरे.

- कसा बघितला ते सांगा. "फोनवर, दोन रात्रींत" किंवा "सगळ्यांनी बसून एका दमात". समोरच्याला तुमच्या मताचं वजन कळतं.
- किती बघितला ते सांगा. "पहिल्या अर्ध्या तासात सोडला" हे प्रामाणिक मत आहे. "बकवास आहे" म्हणजे पूर्ण बघितला असा समज होतो.
- एक प्रसंग सांगा, शेवट सोडून. 'मिसेस'मध्ये सासऱ्यांना मिक्सरमधली चटणी चालत नाही, ती दगडावरच वाटलेली लागते. एवढं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला हा आपल्यासाठी आहे की नाही, ते समजतं.
- कुणाला आवडेल ते सांगा. तुम्हाला आवडला नाही आणि आजीला आवडेल, असे सिनेमे भरपूर असतात.

आणि मत विचारताना "कसा आहे?" यासोबत "नीट बघायला मिळाला का?" हेही विचारा. घरी सिनेमा सगळ्यांसाठी एकाच वेळी सुरू होतो, पण पॉजचं बटण सगळ्यांसाठी दाबलं जात नाही. बाबांना फोन आला तेव्हा आम्ही सिनेमा थांबवला होता. आई उठली तेव्हा "तू ये, आम्ही सांगतो काय झालं ते" असं म्हणालो होतो. थिएटरमध्ये बसलेल्या आईला कुणी मधूनच उठवत नाही. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने गेल्या, त्यामागे सिनेमा तर होताच, पण सलग दोन-अडीच तास बसायला मिळणं हेही असणार, असं मला आता वाटतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी घरी कुणी नसताना आईने 'मिसेस' पुन्हा लावला, पहिल्यापासून. संध्याकाळी ग्रुपवर तिचा मेसेज होता. "आज पूर्ण बघितला. तेच तेच दाखवलंय हे बरोबर आहे. रोज तेच तेच असतं."

बाबांनी त्याला अंगठा दिला. रात्री जेवणं झाल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "तो सिनेमा परत कसा लावायचा?"